कोच बदलला की कॉलेज फुटबॉल टीमचं नक्की काय होतं? (मिशिगन आणि इतर)

कॅन्टनकर
नमस्कार मंडळी. मिशिगनवाल्यांना हे नवीन नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात लिहितो. १० डिसेंबर २०२५ ला अ‍ॅन आर्बरच्या युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनने हेड कोच शेरोन मूरला काढलं (का काढलं ते सगळीकडे छापून आलंय, ती चर्चा इथे नको प्लीज). सिट्रस बोलला (बोल म्हणजे सीझननंतरची खास मॅच) हंगामी कोच बिफ पोगी उभे होते, टेक्ससने ४१-२७ हरवलं. आणि त्याआधी २६ डिसेंबरला जाहीर झालं की यूटाहचे काइल व्हिटिंगहॅम येणार. वय ६६, एकाच कॉलेजात २१ सीझन हेड कोच, १७७ मॅच जिंकलेले.

माझी मुलगी अ‍ॅन आर्बरला दुसऱ्या वर्षाला आहे आणि सीझनभर आमचे शनिवार दुसऱ्या कशासाठी मोकळेच नसतात. आता घरात दोन पक्ष पडलेत. ती म्हणते इतका अनुभवी माणूस आला, शिस्त येईल, सगळं मार्गी लागेल. मी म्हणतो हेड कोच टीव्हीवर दिसतो म्हणून आपण सगळं त्याच्या नावावर टाकतो, खरी उलथापालथ खाली होते, कोण पोरं जातात, कोण असिस्टंट येतात, आणि ते सगळं या दोन आठवड्यांत ठरणार. आमच्या शेजारच्या बेलव्हिलचा ब्राइस अंडरवुड, १८ वर्षांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून अख्खा हल्ला चालवणारा खेळाडू), तो थांबतो का जातो यावरच आमच्याकडे रोज जेवताना वाद चाललाय.

तुमच्या कॉलेजात, तुमच्या गावात कोच बदलला तेव्हा काय झालं ते लिहा. अलाबामा, सीअ‍ॅटल, ओहायो, सगळीकडचे लोक आहेत इथे.

शंकेखोर
हा हातात बॉल धरून पळतात तो फुटबॉल ना? एका कॉलेजच्या टीमचा मास्तर बदलला म्हणून घरात भांडणं? पुण्यात बसून कळत नाहीये.

मुक्ता_ए२
@शंकेखोर हो तोच :) मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, कॉलेजच्या. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याला घरी बसायचे साधारण ७.६ कोटी डॉलर द्यायचे ठरले. आता भांडणाचं कारण कळलं असेल.

शंकेखोर
७.६ कोटी डॉलर?? काम न करण्याचे?? बरं, वाचतोय. चालू द्या.

टस्कलूसाकर
कॅन्टनकर, तुमच्या पक्षात मी. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

मी गाड्यांच्या पार्ट्सच्या धंद्यात, आधी चाकण आणि मग इथे अलाबामात. १० जानेवारी २०२४ ला निक सेबन रिटायर झाला. १७ सीझन, इथल्या ६ नॅशनल चॅम्पियनशिप. दुपारी बातमी आली आणि आमच्या लाइनवरची माणसं अक्षरशः घरातलं कोणी गेल्यासारखी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. दोनच दिवसांत वॉशिंग्टनचा केलन डिबोअर आला, त्याची तिथली कामगिरी २५-३ (२५ जिंकल्या, ३ हरल्या), म्हणजे माणूस कच्चा नव्हताच.

पण मधल्या काळात काय झालं ते बघा. तेव्हाचा नियम असा होता की हेड कोच गेला की त्या टीमच्या पोरांना ३० दिवस पोर्टल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जायची नोंदणी, उघडं. केलेब डाउन्स, आमचा सगळ्यात भारी सेफ्टी (डिफेन्समधला शेवटचा राखणदार), पहिल्याच वर्षी टीममध्ये सगळ्यात जास्त टॅकल त्याचे, तो ओहायो स्टेटला गेला. आयझेया बाँड टेक्ससला. ज्यूलियन सेयिन नावाचा क्वार्टरबॅक, नुकताच आला होता, तोही ओहायो स्टेटला. केडन प्रॉक्टर आयोवाला गेला आणि मार्चमध्ये परत आला, एकही मॅच न खेळता! उलट डिबोअरबरोबर वॉशिंग्टनहून सेंटर पार्कर ब्रेल्सफर्ड आला, रिसीव्हर जर्मी बर्नार्ड आला. म्हणजे नवरदेव एकटा कधीच हलत नाही, अख्खं वऱ्हाड हलतं.

पहिल्या सीझनला काय झालं तर सप्टेंबरअखेर जॉर्जियाला ४१-३४ हरवलं आणि पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टकडून ४०-३५ हरलो. व्हँडरबिल्टकडून! ९-४ वर सीझन संपला, चॅम्पियन ठरवणाऱ्या १२ टीम्सच्या प्लेऑफमध्येही नाही. आणि डाउन्स ज्या ओहायो स्टेटला गेला ती त्याच सीझनची चॅम्पियन. हे दुखतंच. सेबन असता तर डाउन्स गेला असता का, हे इथे अजून प्रत्येक न्हाव्याच्या खुर्चीत बसून बोललं जातं.

हूजर_हर्षद
टस्कलूसाकर, आम्हा इंडियानावाल्यांकडून नवीन वर्षाच्या शुभेच्छा. ३८-३.

टस्कलूसाकर
@हूजर_हर्षद माहिती होतं कोणीतरी येणार. रोझ बोल बघितला, शेवटपर्यंत बघितला. तुमची टीम आमच्यापेक्षा सगळ्या बाबतीत चांगली होती, खेळात, तयारीत, शिस्तीत. यावर वाद नाही.

हूजर_हर्षद
मनापासून धन्यवाद, हे लिहायला मोठं मन लागतं.

पण आमच्यामुळे कॅन्टनकरांची थिअरी सिद्ध होते का मोडते ते मलाच ठरवता येत नाहीये. इंडियाना २०२३ मध्ये ३-९. कर्ट सिग्नेटी आला, पत्रकारांनी विचारलं पोरांना कसं पटवता, तर म्हणाला मी जिंकतो, गूगल करा. लोकांना वाटलं बढाया मारतोय. पुढच्याच सीझनला ११-२, आणि आता १४-०, सेमीफायनलला ऑरेगनशी. हेड कोचमुळेच झालं हे इथे शेंबडं पोरही सांगेल. बिल्डिंग तीच, स्टेडियम तेच.

पण वऱ्हाडाचा मुद्दाही खरा. तो जेम्स मॅडिसन नावाच्या कॉलेजातून आला तेव्हा तिथले डझनभर खेळाडू आणि त्याचे कोऑर्डिनेटर (ऑफेन्स, डिफेन्सचे मुख्य असिस्टंट) बरोबर घेऊन आला. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा मात्र कॅलिफोर्नियाहून आलेला, ट्रान्स्फर, आणि यंदा हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) जिंकला. मग श्रेय कोचचं का वऱ्हाडाचं का पोर्टलचं?

सीअ‍ॅटलवाला
ज्यांच्या घरून वऱ्हाड गेलं त्यांचंही ऐका की राव. ८ जानेवारी २०२४ ला आम्ही फायनल खेळलो (मिशिगनशीच, ३४-१३ हरलो, कॅन्टनकर हसू नका), १२ ला डिबोअर गेला. क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स, रिसीव्हर्स, ऑफेन्सिव्ह लाइन, सगळे एकतर एनएफएलला (प्रोफेशनल लीग) नाहीतर पोर्टलमध्ये. आम्ही अ‍ॅरिझोनाचा जेड फिश आणला, अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन आणला, सॅन होजेने आणखी कोणाचा तरी. एका म्हाताऱ्याने अलाबामात रिटायर व्हायचं ठरवलं आणि चार कॉलेजांतली पोरं रात्री झोपली नाहीत.

पुढच्या सीझनला आम्ही ६-७. अ‍ॅरिझोना १०-३ वरून ४-८. मला त्यांचं जास्त वाईट वाटलं, त्यांची काहीच चूक नव्हती, कितीतरी वर्षांनी टीम चांगली झाली होती.

विदर्भवीर
आपल्याकडचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. चंद्रकांत पंडित! विदर्भाला तोवर रणजीत कोणी मोजत नव्हतं. पंडित सर आले आणि २०१७-१८, २०१८-१९, लागोपाठ दोन वर्षं रणजी ट्रॉफी नागपूरला. मग मध्य प्रदेशात गेले, २०२२ मध्ये मध्य प्रदेशाची पहिली रणजी, तीही मुंबईला हरवून, तीही त्याच चिन्नास्वामीवर जिथे १९९९ ची फायनल ते स्वतः मध्य प्रदेशाचे कॅप्टन असताना हरले होते. तेव्हा कोच म्हणजे काहीच नाही असं म्हणू नका.

दादरकर
पंडित आमचे, मुंबईचे, एवढं नोंदवतो. २०१५-१६ ची रणजी मुंबईने त्यांच्याच हाताखाली घेतली.

पोटोबा
आणि केकेआर २०२४? ते श्रेय पंडितांचं का गंभीरचं?

विदर्भवीर
@पोटोबा इथे नको, वेगळा धागा काढा, मी येतो.

टस्कलूसाकर
पंडितांचं उदाहरण चांगलंय पण फरक आहे. विदर्भाची पोरं विदर्भाचीच राहिली ना, पंडित गेले म्हणून अख्खी टीम मध्य प्रदेशात नाही गेली. इथे २०२१ पासून पोरांना एकदा वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलता येऊ लागलं, २०२४ पासून कितीही वेळा. आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देतात, पहिल्या वर्षाला सगळे खेळ धरून २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्यामुळे कोच बदलण्याचा अर्थच बदललाय. पूर्वी नवा कोच जुन्या पोरांशी जुळवून घ्यायचा, आता पोरंच बदलतो.

जुनाजाणता
"पूर्वी जुळवून घ्यायचा" यावर मला बोलायचंय, कारण जुळवून न घेतल्यावर काय होतं ते मी अ‍ॅन आर्बरलाच पाहिलंय. मी इथे नव्वदच्या दशकापासून आहे.

२००७ संपताना लॉइड कार रिटायर झाले आणि वेस्ट व्हर्जिनियाचा रिच रॉड्रिगेझ आला. हुशार माणूस, त्याचा स्प्रेड ऑफेन्स (मैदानभर पसरून हल्ला करायची पद्धत) तेव्हा देशभर गाजत होता, क्वार्टरबॅक पळणारा लागतो त्यात. आणि आमच्याकडे कोण होता तर रायन मॅलेट, साडेसहा फुटांचा, तोफेसारखा हात, पण जागेवरून हलणार नाही. त्याने ओळखलं आपलं इथे काही खरं नाही, गेला आर्कान्सॉला, आणि तेव्हाच्या नियमाने एक वर्ष बाहेर बसला. ऑफेन्सिव्ह लाइनची पोरं जड, समोरच्याला ढकलायला घेतलेली, त्यांना आता पळत पळत ब्लॉक करायला सांगितलं. पहिल्या मॅचला क्वार्टरबॅक म्हणून निक शेरिडन उभा केला, वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला मुलगा.

ती पहिली मॅच कोणाशी होती माहितीये? यूटाह. २५-२३ हरलो, घरच्या मैदानावर. यूटाहचा कोच कोण? काइल व्हिटिंगहॅम! त्या सीझनला त्यांची टीम १३-० गेली आणि शुगर बोलमध्ये सेबनच्या अलाबामाला ३१-१७ हरवलं.

आम्ही ३-९. टोलीडोकडूनसुद्धा हरलो. ३३ वर्षं न चुकता बोल खेळणारी टीम घरी बसली. रॉड्रिगेझ तीन सीझन टिकला, १५-२२. माणूस वाईट नव्हता, त्याची पद्धतही वाईट नव्हती, पण दोन्हींत मेळ नव्हता आणि तेव्हा पोर्टल नसल्यामुळे मेळ घालायला तीन-चार वर्षं लागत होती, तेवढी वर्षं त्याला कोणी दिली नाहीत. स्टँडमधले लोक पहिल्या क्वार्टरपासून कुरकुरायचे, पोरांना ते खाली ऐकू जायचं. मला ते आवडलं नाही, अजून आवडत नाही. १९-२० वर्षांची पोरं असतात हो ती.

टस्कलूसाकर
जुनाजाणता, निक शेरिडन म्हणजे तोच जो डिबोअरच्या पहिल्या वर्षी आमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता! ठरलेला कोऑर्डिनेटर रायन ग्रब ऐनवेळी एनएफएलच्या सीहॉक्सला गेला म्हणून शेरिडनकडे काम आलं. जग लहान आहे बुवा.

सीअ‍ॅटलवाला
आणि सीहॉक्सने वर्षभरात काढल्यावर ग्रब परत तुमच्याकडेच. अलाबामाचं पाणी गोड दिसतंय :)

अनघा_क
सगळे कोचबद्दल बोलताय, मी पोरांबद्दल लिहिते. स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करताना मी मिडवेस्टच्या एका मोठ्या कॉलेजात (नाव नको) खेळाडूंना शिकवायचे, अभ्यासात मदत म्हणून कॉलेजच ट्यूटर ठेवतं. थँक्सगिव्हिंगनंतर रविवारी त्यांच्या हेड कोचला काढलं. पुढच्या आठवड्यात फायनल्स.

एक डिफेन्सिव्ह लाइनमन होता, जॉर्जियाचा, कायम एक नंबर लहान वाटेल अशा खुर्चीत बसायचा आणि पेन्सिल इतकी घट्ट धरायचा की टोक मोडायचं. सोमवारी सात वाजता आला, नेहमीच्या वेळी. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि आम्ही हायपोथिसिस टेस्टिंग सुरू केलं. फोन थरथरायचा, थांबायचा, परत थरथरायचा. तो उचलत नव्हता. तासाभरानंतर मला विचारलं काय, तर "मॅम, हा कोर्स दुसऱ्या कॉलेजात धरतात का?" पी-व्हॅल्यूचं नाही काही. त्याच्या पोझिशनचा कोच, ज्याने त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून याला नीट डिग्री मिळेल म्हणून शब्द दिला होता, त्याला पण त्याच दिवशी काढलं होतं. हेड कोचशी या मुलाचं बोलणं सीझनमध्ये मोजकंच व्हायचं, त्याचा माणूस हा होता.

आणि क्रेडिट्सचा प्रश्न फुकाचा नाही. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) नियमाप्रमाणे तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचे ४० टक्के, चौथं सुरू होताना ६०, पाचवं सुरू होताना ८० टक्के पूर्ण लागतात, नाहीतर खेळता येत नाही. दुसऱ्या कॉलेजने निम्मे कोर्स धरले नाहीत तर पोरगं मेजर बदलतं, जे बसेल त्यात बसवतात. मी शिकवलेल्यांपैकी एकाने इंजिनिअरिंग सोडलं असंच, दुसरीकडे गेल्यावर. त्याला ते जमत होतं, म्हणून जास्त राग येतो. कोच गेला तर टीम ९-४ का ८-५ याचा हिशेब सगळे ठेवतात, याचा कोणी ठेवत नाही.

रेवा_ट्रॉय
अनघा, फार छान लिहिलंस. तो लाइनमन गेला का मग?

अनघा_क
@रेवा_ट्रॉय नाही, थांबला. नवा कोच त्याच्या घरी जाऊन आईला भेटून आला म्हणे, मग थांबला. डिग्री घेतली त्याने. कोर्समध्ये बी मायनस, आणि ती त्याने कमावलेली.

मुक्ता_ए२
मला वेगळा मुद्दा मांडायचाय. मिशिगनमध्ये अलीकडचा सगळ्यात मोठा बदल हेड कोच न बदलता झाला. २०२० मध्ये तेव्हाचा हेड कोच जिम हारबॉ २-४ (कोविडचा सीझन), सगळे म्हणत होते काढा. अ‍ॅथलेटिक डिरेक्टरने काढलं नाही, पगार कापून ठेवलं. पण असिस्टंट बदलले, डिफेन्सला डॉन ब्राउनच्या जागी एनएफएलच्या रेवन्सकडून माइक मॅकडोनाल्ड आणला, तेव्हा तो तिशीतला. २०२१ ला १२-२ आणि बर्फ पडत असताना ओहायो स्टेट ४२-२७! २०११ नंतर पहिल्यांदा. आम्ही सगळे मैदानात उतरलो होतो, माझा एक बूट अजून सापडलेला नाही.

तसंच उलटं. हारबॉ जानेवारी २०२४ मध्ये एनएफएलच्या चार्जर्सला गेला तेव्हा सगळे म्हणाले मूर आतलाच माणूस आहे, काही बदलणार नाही. पण हारबॉबरोबर डिफेन्सचा जेसी मिंटर गेला, व्यायामाचा कोच बेन हर्बर्ट गेला. हर्बर्टचं नाव टीव्हीवर कोणी घेत नाही पण जानेवारी ते ऑगस्ट पोरं त्याच्याच ताब्यात असायची. शिवाय १३ जण एकाच ड्राफ्टमध्ये एनएफएलला. १५-० वरून ८-५. यात मूरचा वाटा किती आणि बाकीचा किती, कसं वेगळं काढणार?

जुनाजाणता
+१. पण त्या ८-५ मध्ये ओहायो स्टेटला त्यांच्या घरी १३-१० हरवलेलं विसरू नका.

टस्कलूसाकर
आणि आम्हाला १९-१३. नाही विसरलो.

मुक्ता_ए२
:D

हूजर_हर्षद
मुक्ता, पटलं बरंचसं. पण मग जेम्स मॅडिसनचं काय? सिग्नेटी गेला, डझनभर चांगले खेळाडू गेले, कोऑर्डिनेटर गेले. इतरांच्या हिशेबाने ते बुडायला हवे होते. पहिल्या वर्षी ९-४ आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, थेट प्लेऑफमध्ये! ऑरेगनकडून हरले पण ३४ पॉइंट करून. नवा कोच बॉब चेस्नी, आता तोही यूसीएलएला चाललाय. माझा चुलतभाऊ हॅरिसनबर्गजवळ असतो, तो म्हणतो तिथे कोणी कोचच्या नावाने छाती बडवत नाही, त्यांना माहिती असतं चांगला असेल तर दोन-तीन वर्षांत जाणारच, म्हणून पुढचा कोण हे आधीच हेरून ठेवलेलं असतं.

सीअ‍ॅटलवाला
हे मात्र आमच्याकडे नव्हतं. आम्ही गाफील होतो.

शंकेखोर
सगळं वाचलं, काही हायलाइट्स पण बघितले. एकच प्रश्न. मग कॅन्टनकरांच्या पोराचं, त्या अंडरवुडचं काय?

जुनाजाणता
शंकेखोर मूळ प्रश्नावर आले बघा, पुण्याहून!

माझं मत. सगळे व्हिटिंगहॅमकडे बघतायत, मी जेसन बेककडे बघतोय, यूटाहचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, तो बरोबर येतोय. यूटाह २०२४ मध्ये ५-७ होती, व्हिटिंगहॅमच असताना. ऑफेन्स ठप्प. मग न्यू मेक्सिकोहून बेकला आणलं, त्याच्याबरोबर त्याचा क्वार्टरबॅक डेव्हन डॅम्पियर आला (परत वऱ्हाड!), आणि यंदा देशात सगळ्यात जास्त पळून यार्ड काढणाऱ्या टीम्सपैकी एक, रेग्युलर सीझन १०-२. हेड कोच तोच.

आता बेकला पळणारा क्वार्टरबॅक आवडतो. अंडरवुड पळू शकतो, मोठा आहे, पण यंदा त्याला फारसं पळू दिलं नाही. म्हणजे २००८ सारखा उलटा मेळ नाही, मॅलेटसारखं नाही. मला तर वाटतं या मुलाला इतक्यात यापेक्षा बरा कोच मिळणार नाही. भीती एकच, व्हिटिंगहॅम ६६ चे, किती वर्षं राहतील, आणि ते गेले की हेच सगळं परत.

मुक्ता_ए२
बेकचं पटलं. मला काळजी लाइनची आहे. पळवायचं म्हटलं तर समोर ब्लॉक कोण करणार? यूटाहची यंदाची लाइन जबरदस्त होती, त्यातले दोघं टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू) एनएफएलला निघालेत, ते काही इथे येणार नाहीत.

अनघा_क
आणि कोणीतरी त्याला विचारा त्याचं मेजर काय आहे.

कॅन्टनकर
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. जुनाजाणतांचा २५-२३ वाला किस्सा मुलीला वाचून दाखवला, तिच्या जन्माच्याच आसपासची मॅच, तिला माहितीच नव्हती. म्हणाली बघ, व्हिटिंगहॅम तेव्हापासून जिंकतोय, माझंच बरोबर! मी २०२४ ची ५-७ दाखवली, मग बेक. त्यावर म्हणते बेकला निवडलं कोणी? आता यावर काय उत्तर देऊ ते सुचवा. हर्षदच्या जेम्स मॅडिसनमुळे माझाही पक्ष थोडा हललाय, निवडणारं कोण हा मुद्दा आहेच.

अनघा, तुमचं पोस्ट तिला पाठवलं. तिच्या डॉर्ममध्ये टीममधला एक जण राहतो, तो म्हणे सध्या जेवायला खाली येतच नाही, सारखा फोनवर.

टस्कलूसाकर
साहजिक आहे. पूर्वीचे ३० दिवस आता राहिले नाहीत, नवा कोच जाहीर झाल्यावर ५ दिवसांनी सुरू होऊन १५ दिवस. म्हणजे त्यांना तर नवीन कोचशी धड ओळख व्हायच्या आत ठरवायचंय. मुलीला सांगा त्याला जेवण वर नेऊन द्या.

रेवा_ट्रॉय
सर्वसाधारण पोर्टल पण १६ जानेवारीला बंद होतंय. कॅन्टनकर, तोवर बेलव्हिलकडची काही बातमी कळली तर इथेच टाका. आणि सप्टेंबरात ओक्लाहोमा अ‍ॅन आर्बरला येतेय, त्या मॅचची तिकिटं कोणाकोणाला हवीत ते आत्ताच सांगा, मागच्या वेळी मंडळात सगळे शेवटच्या आठवड्यात जागे झाले होते.

मुक्ता_ए२
माझी दोन.

जुनाजाणता
एक. आणि मुक्ता, बूट बांधून ये.